वाढदिवसाची यादी आणि सोमवारची सकाळ

"जा, माझ्या बर्थडेला तुला बोलावणारच नाही!" आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमधली ही सगळ्यात जबरी धमकी. कट्टीला आता कोणी भीक घालत नाही, कट्टी संध्याकाळपर्यंत सुटते हे पोरांना पक्कं माहितीय. ही धमकी मात्र ऑक्टोबरात दिली जाते, देणाऱ्याचा वाढदिवस असतो जुलैमध्ये, आणि तरी समोरचा पोरगा बॅट खाली ठेवून विचारात पडतो. मधल्या काळात दहा वेळा दोस्ती होणार, दहा वेळा मोडणार, पण त्या मिनिटाला त्याच्या डोळ्यांसमोर फुगे, केक, आणि सगळे तिथे आणि आपण घरी, एवढंच.

पोरं निदान तोंडावर बोलतात. आपण मोठी माणसं एक्सेल शीट उघडतो.

मुंबईत ह्या यादीची सुरुवात मुलापासून होतच नाही, ती होते चौरस फुटांपासून. आमचं मुलुंड पूर्वेचं वन बीएचके, सोफा भिंतीला लावला, टीपॉय बेडरूममध्ये ढकलला तरी डझनभर मुलांच्या वर गेलं की कोणीतरी टीव्हीवर जाऊन आपटणार. सोसायटीचा हॉल मिळतो पण तो सेक्रेटरींच्या मूडवर, गच्ची पावसाळ्यात बाद, म्हणून मग प्ले एरिया. आणि प्ले एरियावाल्याचा हिशोब असतो पर किड, मिनिमम वीस मुलं, पंधराच आली तरी पैसे विसाचेच घेणार. झालं. आता हा वीसचा आकडा आला कुठून? आमच्या कन्येला वीस मैत्रिणी आहेत म्हणून? तिला विचारलं तर ती चार नावं घेते आणि त्यातलं एक खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचं असतं. पण पैसे भरायचेत ना, मग चारावर सोळा ओढूनताणून भरायचे. वर्गात मुलं चाळीस. म्हणजे बरोब्बर अर्धा वर्ग आत आणि अर्धा बाहेर, आणि हे ठरवलं कोणी तर ट्रॅम्पोलिनवाल्याने.

मला विचाराल तर सगळी गडबड ह्या अर्ध्यामुर्ध्या आकड्यात आहे. चार-पाच जणांना घरी बोलावलं तर बाकीच्यांना फारसं काही वाटत नाही, तिच्या खास असतील म्हणून सोडून देतात. अख्ख्या वर्गाला बोलावलं तर प्रश्नच नाही. पण तीस बोलावले आणि दहा वगळले, किंवा त्याहून वाईट म्हणजे दोन-तीनच वगळले, की ती यादी राहत नाही, तो निकाल होतो. ‘तू नकोस’ असं कोणी म्हटलेलं नसतं पण त्या दोघांना ते स्वच्छ ऐकू येतं. म्हणून आमच्या घरात नियम आहे, पाच नाहीतर सगळे, मधलं काही नाही. नवरा ह्याला हुकूमशाही म्हणतो. म्हणू दे, कोणाला राहिलं कोणाला टाळलं ह्याचे फोन त्याला येत नाहीत, मला येतात.

आणि हे नखरे फक्त आपल्याकडचे आहेत असं समजू नका. स्वीडनमध्ये लुंड नावाचं गाव आहे, तिथे २००८ मध्ये एका आठ वर्षांच्या मुलाने वर्गात वाढदिवसाची आमंत्रणं वाटली आणि दोन मुलांना दिलीच नाहीत. एकाशी त्याचं भांडण झालेलं आणि दुसऱ्याने स्वतःच्या पार्टीला ह्याला बोलावलं नव्हतं, म्हणजे आपल्या कंपाउंडमधलाच कायदा. शाळेने काय केलं, वाटलेली आमंत्रणं चक्क जप्त केली, म्हणे हा त्या दोघांवर भेदभाव आहे. बाप भडकला आणि त्याने थेट तिथल्या संसदेच्या लोकपालाकडे तक्रार केली! वाढदिवसाची यादी लोकपालाकडे. मला हे वाचून आधी हसू आलं आणि मग जाणवलं की मला बापाचंही पटतंय आणि शाळेचंही. ज्याच्याशी पटत नाही त्याला बोलावण्याची सक्ती कसली? पण मग ते वर्गात, सगळ्यांसमोर, त्या दोघांचे बाक गाळून वाटू नका ना. आमंत्रण हा घरचा मामला आहे, तो वर्गात आणला की तो वर्गाचा होतो. आमच्या शाळेत आता दप्तरातून कार्ड वाटायला बंदी आहे आणि हा नियम मला मनापासून आवडतो, जरी बाकीच्या निम्म्या नियमांवरून मी ग्रुपवर कुरकुर करत असले तरी.

बरं, कार्ड बंद झाली म्हणून गुप्तता राहते का? नाव नका काढू. सगळं फुटतं ते सोमवारी सकाळी, आणि फोडतं कोण तर रिटर्न गिफ्ट.

रिटर्न गिफ्ट म्हणजे आपण पोरांच्या हातात स्वखुशीने दिलेला पुरावा आहे. आयांनी मुलुंडहून स्लो ट्रेन पकडायची, मशीद बंदरला उतरायचं, अब्दुल रहमान स्ट्रीटच्या गर्दीत घुसायचं, क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चार दुकानं फिरून डझनाच्या भावात पाऊच घासाघीस करून घ्यायचे, परत येताना ती भलीमोठी पिशवी लेडीज डब्यात सगळ्यांच्या शिव्या खात पायात ठेवायची, आणि इतकं करून काय मिळवायचं? तर सोमवारी स्कूल व्हॅनमध्ये आठ मुलं बसलीयत, सहा जणींच्या मांडीवर तोच जांभळा पाऊच, त्यावर तीच चमकी, चेन ओढली की आत तोच युनिकॉर्नचा खोडरबर. उरलेल्या दोघी खिडकीबाहेर बघतायत. शनिवारी कोण कुठे होतं हे वेगळं सांगायला नको. मी स्वतः व्हॅनच्या दाराशी उभी राहून हे पाहिलेलं आहे. एक पोरगी आपला जुना कंपास दप्तरात खाली खाली दाबत होती, जसं काही चूक त्या कंपासचीच आहे.

त्यामुळे आमच्याकडे रिटर्न गिफ्ट म्हणजे खाऊ, तोही घरी पोचायच्या आत संपणारा. राजगिऱ्याचा लाडू द्या, चिक्की द्या, आइस्क्रीमचा कप हातात देऊन पाठवा. पोटात गेलेली वस्तू सोमवारी वर्गात कोणाला दाखवता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या कन्येवर उलटी वेळ आली. वर्गातल्या एका मुलीच्या पार्टीला हिला बोलावणं नव्हतं. आता मजा अशी की त्या मुलीशी हिचं अजिबात पटत नाही, ‘ती खूप शो ऑफ करते’ हे मी रोज डबा भरताना ऐकलेलं आहे. तरी त्या रविवारी ही नुसती घरभर फिरत होती, सोफ्यावर बस, उठ, फ्रीज उघड, बंद कर. शेवटी म्हणाली, "आई, मला जायचंच नव्हतं. पण तिने विचारायला तर पाहिजे होतं ना."

सासूबाई म्हणाल्या, अगं जिच्याशी पटत नाही तिच्याकडे कशाला जायचंय, वेडी आहेस का. वाक्य बरोबर आहे पण त्याने काही होत नाही. ह्याच्यामागे खरंखुरं शास्त्र आहे आणि ते मला भारी आवडतं. किपलिंग विल्यम्स नावाचे एक मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत कुत्र्याला घेऊन बसलेले, दोन अनोळखी माणसं फ्रिसबी खेळत होती, ती ह्यांच्या पायाशी आली, ह्यांनी परत फेकली, मग त्या दोघांनी थोडा वेळ ह्यांनाही खेळात घेतलं आणि अचानक बंद केलं. बस, परत आपले दोघंच खेळायला लागले. ना ओळख ना पाळख, आणि ह्या गृहस्थांना प्रचंड वाईट वाटलं, इतकं की पुढे त्यांनी ह्याच्यावरच कॉम्प्युटरचा एक खेळ बनवून प्रयोग केले. स्क्रीनवर तिघं चेंडू टाकतायत, थोड्या वेळाने बाकीचे दोघं तुम्हाला चेंडू देणंच बंद करतात. २००३ मध्ये असा खेळ लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून खेळायला लावला तेव्हा दिसलं की वगळलं गेल्यावर मेंदूचा जो भाग जास्त काम करायला लागतो तो शरीराला लागलं-खुपलं की त्या त्रासातही सामील असतो. आणि पुढच्या वर्षीच्या एका अभ्यासात तर लोकांना आधीच सांगून टाकलं होतं की समोर माणूस नाही, कॉम्प्युटर आहे, तरीसुद्धा चेंडू मिळेना म्हटल्यावर ते खट्टू झालेच.

घ्या! कॉम्प्युटरने वगळलं तर मोठ्या माणसांना लागतं, मग आठ वर्षांच्या पोरीला शो ऑफ करणाऱ्या मुलीने वगळलेलं लागणारच. आवडीनिवडीचा त्यात काही संबंधच नाही.

म्हणून मी तिला ‘त्यात काय एवढं’ म्हटलं नाही, आणि मॉलमध्येही नेलं नाही. हे मॉलचं प्रकरण मला पटतच नाही. पार्टीला बोलावलं नाही की त्याच संध्याकाळी मुलाला गेम झोनमध्ये न्यायचं, पिझ्झा खिलवायचा, आणि वर फोटो स्टेटसला टाकायचा की ‘फन संडे विथ माय प्रिन्सेस’. हा फोटो कोणासाठी असतो हे आपल्यालाही माहीत असतं आणि त्या दुसऱ्या आईलाही. मी तिला म्हटलं, वाईट वाटतंय ना, वाटणारच. मग तिने विचारलं, "तुला पण वाटतं?" मी म्हटलं, ऑफिसातल्या बायका मला न विचारता लंचला गेल्या की वाटतं. ह्याचं तिला इतकं आश्चर्य वाटलं की पुढचा अर्धा तास ती माझ्या ऑफिसातल्या बायकांची नावं विचारत बसली, कोण खडूस, कोण चांगली, आणि स्वतःचं विसरली. मग कांदा चिरत असताना येऊन सांगून गेली की त्या अमुक मॅडमला आपण घरी बोलवायचं नाही.

त्या मुलीच्या आईला फोन मात्र करायचा नाही. कधीच. मला माहितीय की हात शिवशिवतो. माझ्या एका मैत्रिणीने केला होता, अगदी गोड आवाजात, "काही नाही गं, सहज विचारलं, राहून गेलं असेल ना चुकून." पलीकडची ओशाळली, तिने घाईघाईने या या म्हणून बोलावलं, पोरगा गेला, आणि केक कापायच्या आधीच बर्थडे बॉयने सगळ्यांसमोर जाहीर केलं की ह्याला मम्मीने बोलावलंय, मी नाही. आता सांगा, न जाणं परवडलं असतं की नाही?

खरं तर पोरांच्या रुसव्यापेक्षा आयांचा रुसवा लांबतो. पोरं बुधवारपर्यंत परत एकत्र डबा खातात. आया मात्र हिशोब ठेवतात. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असायची ना, कोणी किती पाकीट दिलं ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की ती वही काढून बघायची, तसं ह्यांच्या डोक्यात सगळं लिहिलेलं असतं. ‘आम्ही तिच्या दोन्ही मुलांना बोलावलं होतं, तिने फक्त मोठीला बोलावलं.’ ‘आम्ही हजाराचं गिफ्ट दिलं, त्यांनी कलर बॉक्स दिला.’ मग ह्या हिशोबाने पुढची यादी ठरते आणि ज्याचा वाढदिवस त्याला आपल्या पार्टीत आलेली निम्मी मुलं ओळखीचीच नसतात. लग्नातले मानपान आपण वैतागून वैतागून कमी केले, कोर्ट मॅरेज केलं, पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलं, आणि तेच सगळं बाळाच्या वाढदिवसात मागच्या दाराने घरात घेतलं.

आहेरावरून एक सांगायचंय, ते जरा वेगळं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांमध्ये प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी असतात, आरटीई म्हणतो आपण ते. कन्येच्या वर्गातही आहेत अशी मुलं. त्यातली एक मुलगी हिच्या खास पाचात आहे, चित्रं अफाट काढते. पण कोणाचाही वाढदिवस असला की ती नेमकी ‘गावाला’ गेलेली असायची. दरवेळी. मला वाटलं असेल बुवा, कोणाचं काय कोणाचं काय. मग एकदा शाळा सुटायच्या वेळी गेटवर तिची आई भेटली, बोलता बोलता म्हणाली, "ताई, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं पोरीला? आणि दर महिन्याला कोणाचा ना कोणाचा बर्थडे असतोच." आमंत्रण होतं, आग्रहाचं होतं, तरी ती मुलगी यादीच्या बाहेरच राहत होती आणि आम्हाला कोणाला त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हापासून आमच्या मेसेजमध्ये ‘गिफ्ट आणू नका’ असं असतं, आणि पुढे हेही असतं की त्याऐवजी प्रत्येकाने घरून एक चित्र काढून आणायचं. नुसतं ‘आणू नका’ लिहिलं तर निम्मे लोक तरी आणतातच, ‘अहो असं कसं, लहान मुलाच्या घरी हात हलवत’, आणि मग न आणलेला एकटा पडतो. चित्र आणायला सांगितलं की सगळ्यांच्याच हातात काहीतरी असतं. ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिने आणलेलं चित्र इतकं भारी होतं की बाकीच्या आया आपापल्या पोरांनी आणलेले सूर्य आणि डोंगर पिशवीतच ठेवायला लागल्या.

दुसरं प्रकरण वॉचमनच्या मुलाचं. आमच्या कंपाउंडमधल्या क्रिकेट टीमचा हा ओपनिंग बॅट्समन. रोज संध्याकाळी सगळी पोरं त्याच्या नावाने बोंबलत असतात, तो खाली आल्याशिवाय मॅच सुरू होत नाही. आणि क्लबहाउसमध्ये पार्टी असली की तो बाहेरच्या पायरीवर. आतून कोणीतरी प्लेटमध्ये समोसा, वेफर्स आणि केकचा तुकडा घालून त्याला ‘नेऊन देतं’. ती प्लेट मला बघवत नाही. न दिलेली बरी, असं माझं आपलं मत. आईबापांना हा भेद करताना काही वाटत नाही कारण त्यांच्या मते तो यादीचा विषयच नाही, पण आतल्या मुलांना विचारा, त्यांना पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हा का नाही? आणि मग एक-दोन वर्षांत तो पडायचा बंद होतो, ते जास्त वाईट.

आमच्या लहानपणी असं नव्हतं हो, सगळी चाळ यायची, असं म्हणायचा मोह मलाही होतो. काही बाबतीत ते खरं आहे. बोरन्हाण घ्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळे कपडे, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या आणि आजूबाजूच्या पोरांनी त्यावर तुटून पडायचं. त्याला यादी कसली करणार? लुटायला पोरं जितकी जास्त तितकं चांगलं, जिन्यात जो भेटेल त्याला हाक मारायची. भोंडल्याचंही तेच, फेर मोठा पाहिजे आणि खिरापत ओळखायला डोकी जास्त पाहिजेत. जुन्या मंडळींनी मुलांचे कार्यक्रम असे बसवले होते की कोणाला वगळलं तर मजा बोलावणाऱ्याचीच कमी होणार. प्ले एरियात वगळलं तर पैसे वाचतात.

पण मोठ्या बायकांचं काय? त्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी पन्नास बायका यायच्या, आणि माझी आत्या, जिचे यजमान लवकर गेले, ती स्वयंपाकघरात बसून सगळ्यांसाठी तिळगुळाचे लाडू वळायची. बाहेर यायची नाही. कोणी ये म्हणायचंही नाही. यादी कागदावर नव्हती इतकंच. मी आता हळदीकुंकू करते तेव्हा पहिला फोन आत्याला जातो, आणि ती येतेही, आधी दोन वर्षं नाही म्हणाली होती. तेव्हा जुन्या काळाच्या गोडव्यांना माझ्याकडून अर्धेच मार्क.

आणि शाळेतसुद्धा यादी होतीच की! वाढदिवसाला रंगीत कपडे घालून जायचं, वर्गात एकेक मेलडी वाटायची, ती सगळ्यांना सारखी. पण नंतर टीचर्स रूममध्ये आणि बाकीच्या वर्गांत चॉकलेट द्यायला जाताना बरोबर एकीला न्यायची परवानगी असायची. ए-क. अर्धा तास गणिताच्या तासातून सुटका, बाईंचं ‘हॅपी बर्थडे बाळा’, आणि डब्यातून एक्स्ट्रा मेलडी. वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात त्या मुलीच्या मागे पुढे किती जणी करायच्या! आठ वर्षांच्या मुली त्या एका जागेसाठी जे राजकारण करायच्या ते मंत्रालयातही होत नसेल. आणि अख्ख्या चौथीभर मला एकदाही कोणी नेलं नाही हे मला आजही नावानिशी आठवतं, नावं लिहीत नाही, त्यातल्या दोघी फेसबुकवर आहेत.

यादी करताना मुलांना बरोबर घ्यावं असं माझं ठाम मत आहे, आपण परस्पर करण्यापेक्षा. कन्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिते. कारणं ऐकण्यासारखी असतात. "ही हवी, ती मला ठेपला देते." "हा नको, त्याने माझा शार्पनर घेतला आणि म्हणाला माझाच आहे." "ही पण नको... थांब, ही हवी, तिच्या डोळ्याला पट्टी लावलीय ना, सगळे तिला चिडवतात." असं म्हणून खोडलेलं नाव परत वर लिहिलं, दुसऱ्या नंबरला. मी मध्ये बोलत नाही, फक्त एकच प्रश्न विचारते, ‘हिला कळलं की आपल्याला बोलावलं नाही, तर ती कोणाला सांगेल?’ उत्तर ‘तिच्या मैत्रिणीला’ असं आलं तर ठीक आहे. ‘कोणालाच नाही’ असं आलं की कन्या आपणच परत पेन्सिल उचलते.

बाकी जुलैचा वाढदिवस असला की यादी आपण कितीही डोकं लावून करा, फायनल यादी सायन-कुर्ल्याचं पाणी करतं. एका वर्षी सकाळपासून धो धो, सेंट्रल ठप्प, दादरची मामेभावंडं दादरलाच, नवरा ऑफिसातून निघालेला तो विक्रोळीला लटकलेला, आणि घरात केकभोवती फक्त बिल्डिंगमधली पोरं, त्यात वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो, लाइट गेले म्हणून विचारायला आले आणि राहिले. मे महिन्यात जन्मलेल्या मुलांचं तर विचारूच नका, अख्खी मुंबई गावाला आणि हे मेणबत्त्या फुंकतायत आजीआजोबांसमोर.

ह्या वर्षीचं आत्तापर्यंत ठरलंय ते असं. प्ले एरिया कटाप. कंपाउंडमधली सगळी पोरं, सगळी म्हणजे सगळी, ओपनिंग बॅट्समन धरून, आणि शाळेतल्या पाच. आधी सासूबाई औक्षण करणार, मग अंड्याशिवायचा केक कारण निम्मी बिल्डिंग जैन आणि गुजराती, मग बटाटेवडे, त्यातही थोडे कांदा-लसूण नसलेले वेगळे तळायचे, शेवयांची खीर, आणि जाताना हातात चिक्की. पाऊस असला तर पार्किंगमध्ये, गाड्या हलवायचं सेक्रेटरींनी कबूल केलंय, अजून लेखी दिलेलं नाही.

अडलंय ते एवढ्यावरच की शाळेतल्या पाचात सहा नावं आहेत. खोडरबर घेऊन बसलो, होत नाहीये. "पाचचा रूल तुझा आहे, माझा नाही," असं मला सुनावण्यात आलंय. नवऱ्याला खात्री आहे की जुलैपर्यंत सहापैकी एकीशी तरी भांडण होईल आणि प्रश्न सुटेल, मला खात्री आहे की तोवर सातवी येईल.